दुसऱ्यांची कुत्री

माझ्या घरात कुत्रा कधीच नव्हता, आजही नाही. माहेरी चाळीतल्या दोन खोल्या, सासरी सासूबाईंचं सोवळं आणि माझी नोकरी पाळ्यांची. कुत्रा पाळायचा तो कुठे आणि कोणी? तरीही सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर येणाऱ्यांपैकी निम्मे लोक मला ओळखतात ते ‘कुत्रेवाल्या काकू’ म्हणून. गेली पाच-सहा वर्षं मी लोकांची कुत्री फिरवते. पैसे घेऊन फिरवते. पैशाचं मुद्दाम लिहिलं, कारण आमच्या नात्यात नुसतं ‘फिरवते’ म्हटलं की भूतदया ठरते आणि पैसे म्हटले की नामुष्की. एका लग्नात नणंदेने माझी ओळख करून देताना ‘ही टेलिफोनमध्ये होती’ एवढंच सांगितलं आणि घाईघाईने जिलेबीचा विषय काढला.

टेलिफोनमध्ये होते हे खरंच. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी एमटीएनएलमधून १४ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली, त्यांतली मी एक. उमेदीची वर्षं १९७ नंबरच्या चौकशीवर गेली. लोक नाव-पत्ता सांगायचे, आम्ही नंबर शोधून द्यायचो. दिवसभर कानात आवाज, चेहरा एकाचाही नाही. निवृत्तीनंतर चारधामला जायचं ठरलं होतं. मार्चअखेर टाळेबंदी आली, आणि चारधाम सोडाच, गल्लीच्या टोकाशी दूध आणायला जाणंसुद्धा मोहीम होऊन बसलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं कोविडने घरात अडकलं. त्यांच्याकडे फिकट पिवळा लॅब्रेडोर. घरात काही करायचं नाही हे त्याला इतकं पक्कं शिकवलेलं, की तो रात्रभर दाराशी बसून कण्हत राहिला पण जागची फरशी ओली केली नाही. सकाळी त्या मुलीचा फोन आला, ‘काकू, तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटते का हो?’ वाटत होती. पण फोनवर कोणाला नकार द्यायची सवयच नव्हती. तिने पट्टा लावून दार किलकिलं केलं, लॅब बाहेर आला, दार बंद झालं. सोसायटीत एकाने खिडकीतून विचारलं, कुत्र्यामुळे कोविड पसरत नाही ना? मी म्हटलं, खाली उतरून विचारा त्याला.

रिकामा कट्टा तेव्हा पाहिला. हे मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवाजी पार्क झालं. तेव्हापासून ते इतकं निर्मनुष्य फारसं कधी राहिलं नसावं. ना क्रिकेटच्या किटबॅगा, ना उद्यान गणेशाच्या घंटा, ना पेन्शनरांच्या चर्चा. गुलमोहर मात्र नेमाने फुलले होते.

मी कामाची बाई. हिशोब सरळ होता: कट्ट्याबाहेरच्या फुटपाथने एक फेरी, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास, वीस मिनिटं, शू-शी आणि घरी. लॅबने पहिल्याच मोठ्या झाडाच्या बुंध्याशी नाक लावलं आणि तो तिथे रुतला. ओढलं, चुचकारलं, रागावले. तिसाच्या वर किलोंचा तो ऐवज इंचभर हलेना. मग काय, उभी राहिले. आणि उभी राहिले म्हणून दिसलं.

मैदानातली लाल माती उडून फुटपाथवर तिचा पातळ थर बसलेला असतो. त्या थरावर कुत्र्याचं नाक टेकलं की वाकून बघावं. श्वास समोरून आत जातो. बाहेर येतो तो नाकपुड्यांच्या बाजूला असलेल्या बारीक फटींतून. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक नाकाच्या डाव्या-उजव्या बाजूला धुळीचे दोन इवलेसे लोट उठतात. फुस्, फुस्, फुस्. समोरचा वास आपल्याच उच्छ्वासाने उडून जाऊ नये, म्हणून ही सोय. मध्येच तो थांबतो, जीभ नाकावरून फिरवून नाक ओलं करतो, पापण्या अर्धवट मिटतो, आणि परत सुरू. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे वीस ते तीस कोटी, हे आकडे मला नंतर पशुवैद्यांनी सांगितले. त्या सकाळी एवढंच जाणवलं की हा माझंच जुनं काम करतोय. चेहरा न बघता कोण, कुठला, काय हवंय ते ओळखायचं. अशा वेळी मध्येच लाइन तोडली तर मलाही राग यायचा.

तेव्हापासून माझ्या फिरवण्यात वीस मिनिटांचा हिशोब उरला नाही. वेळ माझी, वाट त्याची. अर्धा तास एकाच गल्लीत गेला तरी चालतो. नुसतं दामटून कुत्र्याला चार किलोमीटर चालवलं तर त्याचे पाय थकतात. पंधरा मिनिटं मनसोक्त हुंगू दिलं तर तो घरी जाऊन समाधानाने आडवा होतो. मालकांना हे पटत नाही. त्यांना मोबाइलवर पावलं मोजून हवी असतात.

जोडपं बरं झालं, पण काम घरूनच, बैठका रात्रंदिवस. त्यांनी विचारलं, महिन्यावर घ्याल का? मग त्यांच्या ओळखीने दुसरं घर, तिसरं घर. एका वेळी दोनच्या वर मी घेत नाही, तेही आधीपासून एकमेकांची मैत्री असेल तरच. कट्ट्यावरचे एक गृहस्थ मला दोन कुत्र्यांसह पाहिलं की हात जोडतात आणि म्हणतात, अजून दोन हवेत, मग दत्तगुरूंचा देखावा पूर्ण होईल. दत्तगुरूंना पट्टे धरावे लागत नव्हते, एवढंच मी त्यांना सांगते.

माझ्याकडे एक पग आहे. वयस्कर, घोरणारा, अतिशय आढ्यतेखोर. २००३च्या सुमारास हच कंपनीची ती जाहिरात आली, मुलगा जाईल तिथे मागे जाणारा पग, आणि मुंबईत घरोघरी पग आले. आमच्या खात्यात तेव्हा त्या कुत्र्याकडे शत्रूच्या गोटातला म्हणून बघत असत, आणि आता त्याच्याच वंशजाची शी मी पिशवीत भरते. पण जाहिरातीत दाखवलं नाही ते असं की, या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना ऊन सोसत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून अंग गार करतो, आणि यांची नाकाची वाटच चेपलेली. एप्रिल-मेमध्ये पगला मी साडेपाचला खाली आणते आणि सूर्य वर यायच्या आत घरी पोचवते. डांबरावर हाताचा उलटा पंजा टेकून बघायचा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे पायही ठेवायचे नाहीत. कोणी दुपारी बूट घालून सावलीतून चाललेले असतात आणि शेजारी अनवाणी हस्की उन्हातून. असं दिसलं की मी थांबवून बोलते. मुंबईत हस्की पाळणाऱ्यांविषयी माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

सकाळची सगळ्यात मोठी गंमत बीगलबरोबर. हा मुलखाचा हावरट, पण क्रिकेटचा दर्दी. आम्ही मैदानात उतरत नाही, कट्ट्याबाहेरूनच फिरतो. पण चेंडू कट्टा ओलांडून येतोच. एकदा तो थेट याच्या पुढ्यात पडला. ‘काकू, बॉल!’ अशी हाक येईपर्यंत लाल सीझन बॉल याच्या जबड्यात होता. बिस्किटाची लाच देऊन तो सोडवला तेव्हा एका बाजूने लाळेने चकचकीत. पांढऱ्या कपड्यांतला बारका पोरगा दोन बोटांत चेंडू धरून बघत राहिला. आयसीसीने २०२० मध्ये चेंडूला थुंकी लावायला बंदी घातली ती खेळाडूंना. कुत्र्याविषयी नियमात काही नाही. मागून कोणीतरी ओरडलं, ‘अरे पुसू नको, स्विंग होईल!’ त्या षटकात काय झालं ते बघायला आम्ही थांबलो, आणि बीगलही कट्ट्यावर पुढचे पाय टेकून थांबला. विकेट काही पडली नाही. समर्थ व्यायाम मंदिराजवळ मात्र तो गप्प होतो. मल्लखांबावर उलटी लटकलेली मुलं बघून त्याची मान हळूहळू वाकडी होत जाते, इतकी की तोल जाईल असं वाटतं.

सगळं कौतुकच आहे असं नाही. कट्ट्यावर एक काका आहेत, ते पहिल्या दिवसापासून माझ्यावर वैतागलेले. कुत्र्यांनी पार्क घाण केलं, लहान मुलं खेळतात, म्हातारी माणसं घसरतात. पुढे त्यांची आणि लॅबची दोस्ती झाली असं लिहायला मला आवडलं असतं, झालेली नाही. ते अजून ओरडतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पिशवी न घेता कुत्रं खाली आणणारे आजही आहेत, आणि त्यांत महागड्या गाड्यांतून उतरणारे पुष्कळ. कुत्र्याने पाठ वाकवली की हे आकाशाकडे बघतात. मी कधी दुसऱ्याच्या कुत्र्याचंही उचलते, मालकाला दिसेल अशा बेताने. काम सोपं आहे: पिशवीत हात घालायचा, उचलायचं, पिशवी उलटी फिरवून गाठ. जुनी माणसं वर्तमानपत्राचा तुकडा आधीच खाली सरकवतात, त्याला मात्र टायमिंग लागतं.

भटक्यांशी जमवून घेणं ही वेगळीच विद्या. कट्ट्याची वाटणी झालेली आहे. अमुक फाटकापासून तमुक गाडीपर्यंत तपकिरी कुत्रीचं राज्य, पुढे तीन पायांवर चालणाऱ्या काळ्याचं. डाव्या कानाचं टोक खाचलेलं दिसलं की ओळखावं, याचं निर्बीजीकरण झालंय. त्यांच्या हद्दीतून जाताना आपण पट्टा ताणला की आपल्या कुत्र्याला तारेतून संदेश जातो, संकट आलं. म्हणून पट्टा सैल, चाल तीच, सरळ अंगावर न जाता थोडं वळसा घालून, आणि आपला कुत्रा आपल्या पलीकडच्या बाजूला. पळायचं नाही, किंचाळायचं नाही, दगड उचलायला वाकायचं नाही. टाळेबंदीत खाऊच्या गाड्या बंद झाल्या तेव्हा या सगळ्यांचे बरगड्यांचे पिंजरे झाले होते, आणि लॅबबरोबर मी यांच्यासाठी भाकरीचे तुकडे नेत असे. तेव्हाची ओळख त्यांनी ठेवली आहे.

भटक्यांना खायला घालावं की नाही यावर मात्र कट्ट्यावर दोन तट आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कुत्र्यांविषयी आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा इथे मैदानात चाललेल्या मॅचपेक्षा बाहेरचा आवाज मोठा होता. कोणीतरी सांगितलं की १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्यावरून दंगल झाली होती, कुत्र्यामागे आठ आणे मिळत आणि पारशी रस्त्यावर उतरले होते. म्हणजे हा वाद रेल्वेच्याही आधीचा. मी दोन्ही तटांशी बोलते. लस आणि निर्बीजीकरण नियमित झालं तर निम्मा वाद मिटेल असं माझं मत. पण ते ऐकायला दोन्हीकडचं कोणी थांबत नाही.

पावसाळा सगळ्यात कष्टाचा. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र, त्यातून लेप्टो. म्हणून डबकी टाळायची आणि वर्षाची लस घेतली आहे की नाही ते मालकाला विचारत राहायचं. पाऊस ओसरला की गोचिडी. प्रत्येक दारात पायपुसणं घेऊन चार पंजे, बोटांच्या बेचक्यांसकट, कोरडे करायचे. कानामागे, काखेत बोटं फिरवून चाचपायचं. हे चाचपताना लॅब डोळे मिटून पूर्ण वजन माझ्या गुडघ्यावर टाकतो. गुडघा दुखतो. मी तशीच बसून राहते.

प्रेमाने खाऊ घालणारे भक्त आणखी एक डोकेदुखी. देवळातून बाहेर पडणारी आजी शिऱ्याचा द्रोण पुढे करते, त्यात बेदाणे. बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बिघडू शकतं हे तिला कसं सांगायचं? प्रसादाला नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून तो मी खाते. या धंद्यात माझं वजन वाढलं ते असं.

दिवाळीत पार्कात रोषणाई, आकाशकंदील, नटलेली तरुण पोरं. आणि आमची मंडळी पलंगाखाली. तेव्हा पहाटे चारला, फटाके थंडावलेले असतात तेवढ्यात, एकेकाला खाली आणते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीसाठी गावोगावहून माणसं येतात, मैदानात राहतात, तेव्हा आम्ही कट्टा सोडून मागच्या गल्ल्या धरतो. एकदा अशाच गल्लीत नांदेडकडच्या एक आजी सावलीत बसल्या होत्या. लॅबकडे निरखून त्यांनी विचारलं, ‘बाई, ह्ये राखण करतंय का?’ म्हटलं, नाही. ‘शिकार?’ नाही. ‘मंग करतंय काय?’ मी जरा विचार करून सांगितलं, फिरतो. आजी खळखळून हसल्या आणि भाकरीचा चतकोर तोडून त्याला दिला. तो मी खाल्ला नाही, त्यालाच खाऊ दिला.

आता माझ्याकडे एक डॅशुंड आहे, चौदा वर्षांचा. पाठीचा त्रास, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याची फेरी म्हणजे फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत. तिथे बसतो आणि नाक वर करून वाऱ्यावर येईल ते घेतो: वड्याचा घाणा, समुद्र, कोणाचं तरी अत्तर. मालकांना वाटतं, त्याला चालवत नाही तर काकूंना पैसे कशाचे? मी अर्धे घेते. एकदा त्याच्या मालकाने विचारलं, हा इथे नक्की करतो काय? चौदा वर्षं त्यांच्या घरात वाढलेलं जनावर, आणि विचारतात मला. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. ते सकाळी सातची लोकल पकडतात, रात्री नऊला येतात. पण त्यांच्या कुत्र्याला छत्री उघडण्याचा आवाज आवडत नाही, कोकीळ ओरडली की तो डावा कान हलवतो, आणि एका ठरावीक सोनचाफ्यापाशी तो दरवेळी थबकतो, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. कुत्रा पाळण्यातलं जे खरं सुख, ते महिन्याचे पैसे देऊन त्यांनी माझ्या पदरात टाकलं, आणि स्वतःकडे ठेवले ते लसींचे खर्च, सोफ्यावरचे केस आणि सोसायटीच्या नोटिसा.

म्हणून, ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना सांगते. दोन फेऱ्यांपैकी सकाळची तुम्ही स्वतः न्या. कुत्रा थांबला की थांबा, ओढू नका. माझं थोडं नुकसान होईल, होऊ दे. संध्याकाळची माझ्याकडे राहू द्या. मोबाइल घरी ठेवा, पिशवी मात्र विसरू नका.